हाताची भूमिती, डोळ्यांची भूमिती : प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचनालयाचा वरचा हॉल दिवाळीच्या सुट्टीत मिळेल असं आज नक्की झालं. प्रदर्शन आठवीपासून पुढच्या मुलांसाठी आणि त्यांना घेऊन येणाऱ्या आईवडिलांसाठी. सगळा विषय एका प्रश्नात मावतो: दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे आपल्याला कळलं कुठून? पुस्तकातून कळलं, हे उत्तर पुरत नाही. पुस्तक लिहिणाऱ्यालाही ते कुठून तरी कळलं असणार.

शाळेत सांगतात ते एवढंच, की लोबाचेव्हस्की (१८२९) आणि बोल्याई (१८३२) यांनी युक्लिडचं समांतर रेषांचं गृहीतक (रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा जाते) सोडून नवी भूमिती उभी केली. पण भूमितीची सत्यं कसली आहेत, अनुभवाची की बुद्धीची, या वादात गणितींच्या बरोबरीने डोळ्यांचे आणि स्पर्शाचे अभ्यासक होते. काही ठिकाणी तेच पुढे होते. हा धागा मुलांच्या हाती द्यायचा आहे, आणि तो फलक वाचून नव्हे, हाताने काही करून.

मांडणी भाची करेल, ती फाइन आर्ट्सला आहे. लाकूडकाम मदनझांपा रोडच्या मिस्त्रींकडे.

२२ जून

पहिला फलक मॉलिन्यूचा. विल्यम मॉलिन्यू हा डब्लिनचा, प्रकाशशास्त्राचा अभ्यासक. त्याची पत्नी अंध झाली होती. १६८८ मध्ये त्याने जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाला पत्रातून विचारलं: जन्मांध माणसाला घन आणि गोल हाताने ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली, तर स्पर्श न करता तो घन कोणता आणि गोल कोणता हे सांगू शकेल का? लॉकने हा प्रश्न आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत घातला. दोघांचंही उत्तर 'नाही' असं होतं.

भाची म्हणाली, "मावशी, यात भूमिती कुठे आली?" तिला लायब्निझ या जर्मन गणिती-तत्त्वज्ञाचं उत्तर दाखवलं. तो म्हणतो की ओळखता येईल, मात्र समोर घन आणि गोल आहेत हे त्याला आधी सांगितलेलं असलं पाहिजे आणि विचार करायला अवसर मिळाला पाहिजे. गोलाला टोकं नाहीत, घनाला आठ आहेत. हा फरक हातालाही कळतो आणि डोळ्यालाही. त्याच्या मते अंधाची भूमिती आणि फक्त पाहू शकणाऱ्या पक्षाघाती माणसाची भूमिती शेवटी एकच निघाली पाहिजे, दोघांच्या मनातलं चित्र एक नसलं तरी. हे लिखाण १७०४ च्या सुमाराचं, छापलं गेलं १७६५ मध्ये.

हीच जोडी प्रदर्शनाचा कणा: एकाला फक्त हात, दुसऱ्याला फक्त डोळे. भूमिती कोणाला येईल? बर्कली या आयरिश तत्त्वज्ञाने १७०९ मध्ये या दुसऱ्याबद्दल स्पष्ट नकार दिला. शरीर नसलेला, केवळ पाहणारा जीव घनाकृती तर सोडाच, सपाट आकृत्याही समजू शकणार नाही, कारण एक आकृती उचलून दुसरीवर ठेवून पाहणं त्याला कधी जमलेलंच नसेल.

२९ जून

प्राच्यविद्या मंदिरात अर्धा दिवस. न्यायसूत्राच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवात: दर्शनस्पर्शनाभ्यामेकार्थग्रहणात्. जी वस्तू पाहिली तिलाच मी आता स्पर्श करतो आहे, असं आपल्याला म्हणता येतं. डोळ्याला स्पर्श कळत नाही आणि त्वचेला रंग कळत नाही. तेव्हा दोन्ही जुळवणारा ज्ञाता इंद्रियांहून वेगळा असला पाहिजे, असा न्यायसूत्रकार गौतमाचा युक्तिवाद.

हा आत्म्याच्या सिद्धीचा युक्तिवाद आहे, भूमितीचा नाही. त्याला मॉलिन्यूचं उत्तर म्हणून लावणार नाही. पण दृष्टी आणि स्पर्श एकाच वस्तूवर कसे मिळतात हा पेच आपल्याकडे किती आधी आणि किती नेमका मांडला गेला, हे मुलांना कळलं पाहिजे. पहिल्या फलकाशेजारी सूत्र मूळ शब्दांत लावायचं.

६ जुलै

हॉलची मापं घेतली. मापं घेता घेता प्रदर्शनातला सगळ्यात स्वस्त प्रयोग सापडला, त्याला सामान काहीच लागत नाही.

हॉलच्या कोपऱ्याकडे वर बघायचं. छत आणि दोन भिंती मिळतात तिथे तीन काटकोन आहेत. शिडीवर चढून गुण्या लावला तर तिन्ही ९० अंश, बेरीज २७०. आता खाली येऊन नुसतं बघायचं. त्या बिंदूभोवती तीन कोन पसरलेले दिसतात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा अजिबात नाही. म्हणजे दिसणाऱ्या कोनांची बेरीज ३६०. हॉलमध्ये कुठेही उभे राहा, हे बदलत नाही.

थॉमस रीड या स्कॉटिश विचारवंताने १७६४ मध्ये याच निरीक्षणाची अख्खी भूमिती केली. त्याचं म्हणणं असं: एका जागी असलेल्या डोळ्याला वस्तूची दिशा कळते, अंतर कळत नाही. एका बिंदूपासूनच्या सगळ्या दिशा म्हणजे त्या बिंदूभोवतीच्या गोलाचा पृष्ठभाग. तेव्हा दृश्य आकृत्यांची भूमिती ही गोलावरची भूमिती आहे. तिथे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा जास्त भरते आणि दोन सरळ रेषा वाढवल्या की दोनदा भेटतात. स्पर्श नसलेल्या, फक्त पाहणाऱ्या काल्पनिक जीवांची हीच भूमिती असेल आणि त्यांना ती स्वयंसिद्ध वाटेल, असंही त्याने लिहिलं.

खोली घनाकार आणि डोळा बरोबर मध्यभागी असला तर छताचा प्रत्येक कोन १२० अंशांचा दिसेल. चौकोनाच्या चार कोनांची बेरीज ४८०! हे वहीत मांडून पाहिल्यावर मी बराच वेळ खुर्चीत तशीच बसले होते. लोबाचेव्हस्कीच्या ६५ वर्षं आधी, आणि तेही डोळ्याचा अभ्यास करता करता.

१३ जुलै

भजनी मंडळातला मित्र आला होता. तो जन्मांध आहे, एका ऑफिसात अकाउंट्स पाहतो. स्पर्शाच्या वस्तू त्याच्याकडून तपासून घ्यायच्या असं आधीपासूनच ठरलं होतं.

त्याला सॉन्डरसनची पाटी दिली. निकोलस सॉन्डरसन याची दृष्टी वर्षाचा असताना देवीच्या आजारात गेली. १७११ मध्ये तो केंब्रिजमध्ये गणिताचा लुकेशियन प्राध्यापक झाला, न्यूटनने भूषवलेल्या पदावर, आणि १७३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे होता. तो प्रकाशशास्त्रावरही व्याख्यानं देत असे. आकडेमोडीसाठी त्याने छिद्रांच्या चौकटी असलेली पाटी केली होती. मोठ्या आणि लहान डोक्यांच्या टाचण्या कुठे खोचल्या यावरून अंक वाचायचा. त्याच टाचण्यांभोवती दोरा ताणला की आकृती तयार. आमच्या मिस्त्रींनी ती सागवानात केली आहे. मित्राने बोटं फिरवली आणि म्हणाला, "ही तर आमच्या शाळेतल्या टेलर फ्रेमची आजी झाली." टेलर फ्रेम म्हणजे अंध मुलांची आकडेमोडीची पाटी. त्याने दोरा घेऊन समलंब चौकोन केला, मध्यबिंदू जोडले, आणि जोडरेषा समांतर आहे हे वीत आणि बोटाने मोजून दाखवलं.

मग त्याला कोपऱ्याचा प्रयोग सांगितला. पुठ्ठ्याचा खोका हातात दिला. त्याने आतल्या कोपऱ्यात तीन बोटं घातली. तीन काटकोन, त्याला शंका नव्हती. मी सांगितलं की आम्हाला तेच तीन कोन मिळून पुरं वर्तुळ दिसतं. तो थांबला आणि म्हणाला, "ताई, मग तुम्ही डोळस लोक भूमिती शिकता तरी कशी?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. आजवर सगळे उलट विचारत आले: न दिसणाऱ्याला भूमिती कशी जमते? त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत कोपऱ्याखाली लावायचा, भाचीचंही हेच मत पडलं.

२० जुलै

मिस्त्रींकडे लांब पट्टी घ्यायला गेले. पट्टी सरळ आहे का, हे ते दोन प्रकारे बघतात. आधी एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकतात. शंका आली तर फळीवर पट्टी ठेवून बारीक रेघ ओढतात, मग पट्टी उलटी करून त्याच दोन बिंदूंवर टेकवतात आणि पुन्हा रेघ ओढतात. दोन रेघांमध्ये फट दिसली तर पट्टी वाकडी, आणि वाक फटीच्या निम्मा. मी विचारलं, नजर टाकली तेवढी पुरत नाही का? "बेन, आंख तो छेतरे." म्हणजे डोळा फसवतो.

दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते याचं इतकं स्वच्छ रूप मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात पाहिलेलं नाही. हे गृहीतक मिस्त्रींच्या हातात एक कृती आहे. विटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४० मध्ये सपाट पृष्ठभागाची अशीच रीत मांडली: तीन लोखंडी पाट आळीपाळीने एकमेकांवर टेकवून उंचवटे शोधायचे आणि ते खरवडून पाट जुळवायचे. दोनच घेतले तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट असूनही ते जुळतील. तिसरा आला की चोरी पकडली जाते. सपाटपणाचा नमुना आधी हाताशी नसतानाही सपाटपणा असा मिळवता येतो. शुल्बसूत्रांतही वेदीचा चौरस खुंटी आणि दोरी यांनीच काढलेला आहे.

पण या सगळ्या कृतींच्या पोटात एक गोष्ट न बोलता धरलेली आहे: पट्टी उलटताना तिचा आकार बदलत नाही. इथे हेल्महोल्ट्झ येतो.

३ ऑगस्ट

हेल्महोल्ट्झ हा जर्मन, वैद्यकाचा माणूस. डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण त्याने १८५१ मध्ये जाहीर केलं. दृष्टीच्या शरीरशास्त्रावरचा त्याचा मोठा ग्रंथ १८५६ ते १८६७ या काळात भागाभागांनी निघाला. आणि लगेच १८६८ मध्ये भूमितीच्या पायाभूत तथ्यांवरचा निबंध. हे विषयांतर नव्हतं. डोळ्याला मिळतात त्या नुसत्या खुणा, त्यांचा अर्थ शरीराच्या हालचालीतून शिकावा लागतो, हे त्याला प्रयोगांतून पटलं होतं. मग पुढचा प्रश्न आलाच: भूमितीची गृहीतकं तरी उपजत कशी असतील? जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये अवकाश हे आपल्या ग्रहणशक्तीचंच रूप मानलं होतं आणि युक्लिडची गृहीतकं त्यातून अनुभवाआधीच निश्चित होतात असं म्हटलं होतं. हेल्महोल्ट्झने भूमितीच्या मुळाशी एक तथ्य ठेवलं: घन वस्तू आकार न बदलता मोकळेपणी हलवता येतात. मिस्त्रींची पट्टी!

पण या अटीतून युक्लिडच निघतो असं नाही. वक्रता, म्हणजे अवकाश किती वाकलेला आहे त्याचं माप, सगळीकडे सारखी असली की पुरे. ती शून्य असेल तर युक्लिड, धन असेल तर गोलासारखी भूमिती, ऋण असेल तर लोबाचेव्हस्कीची. तिसरी शक्यता हेल्महोल्ट्झच्या पहिल्या निबंधात नव्हती. इटलीच्या बेल्ट्रामीने पत्राने लक्षात आणून दिल्यावर त्याने ती मान्य केली. एवढ्या नावाजलेल्या माणसाने ते सरळ मान्य करावं, याचा मला आदर वाटतो.

आज त्याच्या आरशाचा प्रयोग लावला. पार्किंगच्या वळणावर असतो तसा बहिर्गोल आरसा. नाभीय अंतर ३० सेंटीमीटर धरून गणित केलं. ३ मीटरवर उभ्या मुलीची प्रतिमा आरशामागे सुमारे २७.३ सेंटीमीटरवर पडते, उंची १/११ होते आणि जाडी त्याहून कितीतरी जास्त दबते, सुमारे १/१२१. ती ३० मीटरवर गेली तर प्रतिमा २९.७ वर आणि उंची १/१०१. सारं जग ३० सेंटीमीटरच्या आत, आणि आत जाईल तसं आक्रसत चाललेलं. पण मुलीच्या हातात फूटपट्टी असेल तर पट्टीही तेवढीच आक्रसते. आरशातली मुलगी खोली मोजते आणि तिला आपल्याइतकेच फूट भरतात. आमचं जग वाकडं आहे असं तिला कुठल्याही मोजणीतून कळणार नाही. उलट तीच आपल्याकडे बोट दाखवून म्हणेल की वाकडे तुम्ही. १८७० च्या व्याख्यानात हेल्महोल्ट्झने हे मांडलं आणि विचारलं की आता तिची चूक तिला कशी पटवून द्याल?

मुलांनी दोन्हीकडच्या पट्ट्यांवरचे आकडे वहीत लिहायचे, अशी जागा करायची.

१० ऑगस्ट

लोलकाचे चष्मे तयार. घातले की सगळं बाजूला सरकलेलं दिसतं. शेजारच्या मुलाने पेन्सिल धरायला हात नेला, तो बाजूला गेला. थोडा वेळ धरत राहिला तसा नेम बसला. चष्मा काढल्यावर हात उलट बाजूला चुकायला लागला. हेल्महोल्ट्झने हे स्वतःवर करून लिहून ठेवलं आहे.

२४ ऑगस्ट

अंधाऱ्या खोलीचा प्रयोग. खिडक्यांना काळं कापड, टेबलावर बारीक दिव्यांच्या दोन रांगा डोळ्यांच्या उंचीवर, हनुवटी टेकवायला लाकडी आधार. हिलेब्रांड (१९०२) आणि ब्लूमेनफेल्ड (१९१३) यांची ही रीत. सगळ्यात लांबची जोडी पक्की. पहिलं काम: बाकीचे दिवे असे सरकवायचे की दोन्ही रांगा समांतर दिसाव्यात. दुसरं काम: प्रत्येक जोडीतलं अंतर लांबच्या जोडीइतकं दिसावं. युक्लिडच्या जगात ही दोन्ही कामं एकच आहेत. ब्लूमेनफेल्डच्या प्रयोगात ती एक निघाली नाहीत. समान अंतराच्या रांगा समांतर रांगांच्या बाहेरच्या बाजूला पडल्या.

आमच्याकडेही आलेल्यांपैकी बहुतेकांचं तसंच झालं, काहींचं उलट. डोकं जरासं हललं की सगळं बदलतं. खोलीत उकडतही फार होतं.

लुनेबुर्ग या गणितीने १९४७ मध्ये यावरून सिद्धांत केला की दोन डोळ्यांनी दिसणारा अवकाश लोबाचेव्हस्कीच्या प्रकारचा आहे आणि त्याची वक्रता सर्वत्र सारखी आहे. नंतरच्या मोजमापांत हे टिकलं नाही. २००० साली कोएंडरिंक आणि सहकाऱ्यांनी उघड्या मैदानात मोजलं, तेव्हा जवळ वक्रता धन आणि लांब ऋण आली. मला यातून पुढचं दिसतं: वक्रता जागोजागी बदलत असेल, तर त्या अवकाशात कुठलीच आकृती आकार न बदलता सरकवता येणार नाही. हेल्महोल्ट्झची अटच मोडते. म्हणजे नुसत्या दिसणाऱ्या अवकाशात पट्टी उलटून पाहण्याला अर्थच उरत नाही. बर्कलीचा केवळ पाहणारा जीव इथे अडतो, रीड मानत होता तशी सुबक गोलभूमिती त्याच्या वाट्याला येत नाही. हे मत माझं आहे. फलकावर ते मत म्हणूनच लिहीन.

७ सप्टेंबर

गणपती झाले, हॉल पुन्हा मोकळा.

फ्रेंच गणिती प्वांकारेच्या फलकाचा मजकूर पूर्ण. १९०२ चा ग्रंथ. तो दृश्य, स्पर्शाचा आणि स्नायूंच्या हालचालीचा असे तीन अवकाश वेगळे काढतो आणि त्यांतला एकही भूमितीचा अवकाश नाही असं दाखवतो. भूमिती येते ती बदलांच्या अभ्यासातून. समोरची वस्तू सरकली की मी माझं शरीर हलवून आधीचं दृश्य परत आणू शकते. अशा भरून काढता येणाऱ्या बदलांचा हिशोब म्हणजे भूमिती. जगात घन वस्तूच नसत्या तर भूमितीही नसती, असं त्याचं स्पष्ट मत. त्याचं तापमानाचं जग: एका गोलात मध्यभागी तापमान जास्त, कडेला निरपेक्ष शून्य, आणि वस्तू तापमानाप्रमाणे लहानमोठ्या होतात. तिथले रहिवासी लोबाचेव्हस्कीची भूमिती रचतील. ती खरी की खोटी, हा प्रश्नच तो गैरलागू ठरवतो. कुठली भूमिती वापरायची हा सोयीचा ठराव.

इथे मी त्याच्याबरोबर शेवटपर्यंत जात नाही. पट्टी उलटल्यावर फट राहते की नाही, हे कोणी ठरावाने ठरवत नाही. ठराव असेल तर पुढचा: फट दिसली की दोष पट्टीला द्यायचा की जागेला.

१४ सप्टेंबर

मॉलिन्यूला प्रयोगाने मिळालेलं उत्तर भारतातलं आहे, म्हणून त्याला मोठी जागा दिली. पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमधून दिल्लीत जन्मापासून अंध मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. २०११ मध्ये ८ ते १७ वयाच्या पाच मुलांचा अभ्यास छापून आला. हाताने चाचपलेला ठोकळा लगेच डोळ्यांनी ओळखायला सांगितल्यावर मुलांची उत्तरं नुसत्या अंदाजाच्या जरा वर राहिली. लॉक आणि मॉलिन्यू बरोबर ठरले. पण काही दिवसांत, कुठलंही खास शिक्षण न देता, त्यांना ते चांगलं जमू लागलं.

या निबंधावरचं पहिलं नाव रिचर्ड हेल्ड. त्यानेच हाइनबरोबर १९६३ मध्ये मांजरीच्या पिलांचा प्रयोग केला होता. एक पिलू स्वतः चालत गोल फिरतं, दुसरं त्याच दांडीला लावलेल्या पाळण्यात बसून फिरतं. दोघांना दिसतं तेच. पण पाळण्यातल्या पिलाला नजरेच्या आधाराने पंजा नीट टेकवता येईना. लायब्निझचा पक्षाघाती माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला. त्याची आणि अंधाची भूमिती एकच निघेल, हे मला आता पटत नाही. माझा मित्र बोटं फिरवतो, दोरा ताणतो, खोका उलटतो. त्याच्याजवळ भूमितीला लागणारं सगळं आहे.

२१ सप्टेंबर

उद्या घटस्थापना. त्याआधी फलकांचा क्रम ठरवायचा होता. भाचीने कांटचा फलक खोडलेल्या अक्षरांत केला होता, जणू हेल्महोल्ट्झने त्याला बाद केलं. तो बदलायला सांगितला. अवकाश हे ग्रहणाचं रूप आहे, एवढा भाग हेल्महोल्ट्झने १८७८ च्या व्याख्यानातही सोडलेला नाही. त्याने काढून घेतली ती गृहीतकं. आकृतीला हलायला जागाच आधी नसेल तर पट्टी उलटायची कुठे, हा कांटच्या बाजूचा प्रश्न शिल्लक आहे आणि मिस्त्रींच्या कृतीने तो सुटत नाही. म्हणून कांटचा फलक आरशाच्या शेजारी, त्याच आकाराचा, साध्या अक्षरांत.

ब्रेलमधला मजकूर मित्र तपासून देणार. निम्मी मुलं गुजराती माध्यमाची असतील, त्यामुळे सगळे फलक दोन्ही भाषांत. छपाई नवरात्रानंतर.